अक्रोड, लाख आणि मटण स्ट्रीट

शनिवारी सकाळी अकराच्या सुमारास ग्रँट रोडला उतरायचं, पूर्वेला बाहेर पडायचं आणि दो टाकीच्या दिशेनं चालत सुटायचं. टॅक्सी करू नका. टॅक्सीपेक्षा तुम्ही लवकर पोचाल, आणि रस्त्यात दोनदा कटिंगही होईल. डावी-उजवी विचारत विचारत मटण स्ट्रीट सापडतो. नावात मटण असलं तरी सॅक शोधायला जा की जहाजावरचा दिवा, सगळं मिळतं. हाच तो चोर बाजार. मूळ नाव ‘शोर बाजार’ होतं, साहेबाच्या कानानं त्याचं ‘चोर’ केलं, ही गोष्ट तुम्हाला इथला प्रत्येक दुकानदार न विचारता सांगतो. खरी असो नसो, ऐकायला मजा येते.

बहुतेक लोक इथे येतात ते जुन्या सिनेमांची पोस्टर्स, पितळी भोंग्याचे ग्रामोफोन, झुंबरं नाहीतर बंद पडलेली भिंतीवरची घड्याळं बघायला. मी जाते रेडिओसाठी. म्हणजे ऐकण्यासाठी नाही. बघण्यासाठी, वाकून वास घेण्यासाठी, मागचा पुठ्ठा उघडून टॉर्च मारण्यासाठी. ऑफिसमधल्या मैत्रिणींना हे सांगितलं तेव्हा त्यांनी माझ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं ती मी अजून विसरलेली नाही. पण राव, मॉलमध्ये चार तास घालवून हातात काय लागतं? इथे चार तासांत १९५० च्या दशकातली अख्खी दुनिया हाताला लागते, आणि बहुतेक वेळा एक पैसाही खर्च न करता!

दुकानांच्या मागच्या मांडणीवर, टाइपरायटर आणि ट्रंकांच्या मध्ये, रेडिओ एकावर एक रचलेले असतात. मर्फी, फिलिप्स, बुश, जीईसी, एको, आणि नशीब जोरावर असेल तर एखादा जर्मन टेलिफुंकन किंवा ग्रुंडिग. यातले बरेचसे आपल्याकडे तयार झालेले. मर्फीचा तर ठाण्यातच कारखाना होता, आणि त्यांच्या जाहिरातीतलं ते ओठांवर बोट ठेवलेलं बाळ तुमच्या आई-बाबांना नक्की आठवत असेल. पण मधूनच एखादा सेट असा निघतो की जो खरोखर बोटीतून आलेला असतो. इंग्लंडमधून, हॉलंडमधून, जर्मनीतून. परदेशी कंपन्यांनी खास परदेशी पाठवण्यासाठी बनवलेला, एक्स्पोर्ट मॉडेल.

ते ओळखायचं कसं? सोप्पं आहे. डायल बघा. इंग्लंडमध्ये घरी वापरायच्या रेडिओवर लाँग वेव्ह हमखास असायची, कारण तिकडे त्या पट्ट्यावर स्टेशनं होती. आपल्याकडे लाँग वेव्हवर काहीच लागत नसे. मग एक्स्पोर्ट सेटमध्ये ती पट्टी काढून टाकायचे आणि तिच्या जागी शॉर्ट वेव्हच्या दोन, तीन, कधी त्याहून जास्त पट्ट्या भरायचे. डायलवर हिल्व्हर्समसारखी तिकडची गावं लिहिण्याऐवजी १३, १६, १९, २५, ३१, ४१, ४९ असे मीटरचे आकडे असतात. मागे व्होल्टेज बदलायची सोय असते. फिलिप्सच्या सेटवर ११० पासून २४५ व्होल्टपर्यंतचे टप्पे दिसतात, कारण बोट कुठल्या बंदरात माल उतरवणार आणि तिथली वीज कशी असणार याचा नेम नव्हता. फिलिप्सच्या त्या काळातल्या मॉडेल नंबरचं शेवटचं अक्षरही बघून ठेवा. ए म्हणजे फक्त एसीवर चालणारा, बी म्हणजे बॅटरीवरचा, आणि यू म्हणजे एसी-डीसी दोन्हीवर. या शेवटच्या अक्षराकडे आपण परत येणार आहोत, कारण ते तुम्हाला शॉक देऊ शकतं. शब्दशः!

शॉर्ट वेव्हचं आपल्याकडे एवढं कौतुक का होतं, त्याला एक मराठी माणूसही कारणीभूत आहे. १९५२ साली बाळकृष्ण विश्वनाथ केसकर माहिती आणि प्रसारण मंत्री झाले आणि आकाशवाणीवरून फिल्मी गाणी जवळजवळ हद्दपार झाली. त्यांना शास्त्रीय संगीत घराघरात न्यायचं होतं. घरांनी गुपचूप काटा फिरवला आणि रेडिओ सिलोन लावलं. त्याच वर्षी तिथे अमीन सयानींची ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली. १९५७ च्या ऑक्टोबरात विविध भारती आली तोवर कोलंबोची गाणी मुंबईच्या चाळींत मुरली होती. ज्या घरात शॉर्ट वेव्ह चांगली ओढणारा सेट, त्या घराच्या दारात बुधवारी संध्याकाळी चपलांचा ढीग. बोटीतून आलेल्या त्या लाकडी खोक्याचा रुबाब होता तो असा.

चकचकीत म्हणजे जुनं नव्हे

आता मुद्द्याचं. मटण स्ट्रीटवर रेडिओ विकायला ठेवताना त्याला आधी ‘तयार’ करतात. म्हणजे पॉलिश पेपर मारायचा, गडद तपकिरी रंग फासायचा, वरून मेलामाइनचा स्प्रे. आरशासारखा चमकतो. गिऱ्हाईक खूश. दुकानदार छातीठोकपणे सांगतो, ‘एकदम ओरिजिनल पीस है, मॅडम!’ आत व्हॉल्व्ह ओरिजिनल असतीलही. पण लाकडाचं तोंड नवं असतं, आणि माझ्या मते रेडिओची खरी कुंडली त्या तोंडावरच लिहिलेली असते.

कारण हे खोकं सबंध अक्रोडाचं किंवा महोगनीचं कधीच नसतं. आत प्लायवूड, आणि वर विनिअर, म्हणजे लाकडाचा कागदासारखा पापुद्रा. एक मिलिमीटरसुद्धा नाही, बहुतेक वेळा त्याहूनही कमी. एकाच ओंडक्यातून काढलेले लागोपाठचे दोन पापुद्रे पुस्तकाच्या पानांसारखे उघडून शेजारी शेजारी लावले की मधोमध फुलपाखरासारखी नक्षी दिसते. मर्फीची इंग्लंडमधली खोकी बघा, ती याबाबतीत फार संयमी असतात. गॉर्डन रसेल हा तिकडचा नावाजलेला फर्निचरवाला. त्याचा भाऊ डिक रसेल यानं १९३० च्या दशकात मर्फीसाठी कॅबिनेट्स डिझाइन केली, आणि ती बनवायला त्यांनी १९३५ साली लंडनमध्ये पार्क रॉयलला वेगळा कारखाना काढला. वेलबुट्टी नाही, सोनेरी पट्ट्या नाहीत, फक्त लाकूड आणि माप. साधं वाटतं, पण एकदा डोळ्यांत बसलं की शेजारचा चमको सेट लग्नाच्या बँडवाल्यासारखा दिसायला लागतो.

तर अशा पापुद्र्यावर मशीननं दोनदा पॉलिश पेपर फिरला की कोपऱ्यांवर आतलं प्लायवूड दिसतं. मग ते झाकायला गडद रंग. म्हणून चोर बाजारात अगदी काळपट, एकसारख्या रंगाचा रेडिओ दिसला की मी आधी त्याच्या कडांवर नख फिरवते. खऱ्या अक्रोडात रेषा असतात, राखाडी, चॉकलेटी, मधूनच जांभळट झाक. महोगनी तांबूस, आणि तिची छोटी छोटी छिद्रं तिरक्या उजेडात चमकतात. आपल्याकडे तयार झालेल्या सेटवर सागवानही दिसतं, सोनेरी आणि किंचित तेलकट. यातलं काहीच न दिसता सगळीकडे एकच चहाचा रंग असेल, तर समजा की लाकूड नाही, पेंट बघताय.

अर्थात इथे एक गोम आहे. कारखान्यातही फसवाफसवी चालायचीच! स्वस्त मॉडेलमध्ये फिकट, साधं लाकूड वापरून त्यावर रंग मिसळलेलं लॅकर मारायचे, की झालं अक्रोड. काही अमेरिकन कंपन्या त्याहून पुढे गेल्या. लाकडाच्या रेषांची छापील फिल्मच चिकटवायच्या. आणि एको कंपनीचा १९३४ चा गोल रेडिओ, वेल्स कोट्सनं डिझाइन केलेला, जगभरचे संग्राहक ज्याच्यासाठी जीव टाकतात, तो पूर्ण बेकेलाइटचा होता. तरी त्याचा तपकिरी अवतार अक्रोडाची आठवण यावी असा काढला होता. तेव्हा नकली दिसलं की लगेच नाक मुरडू नका. नकली कारखान्यातलं आहे की गल्लीतलं, एवढंच बघायचं.

लाकूड कळलं की वरचा थर. इथे खरी गंमत आहे, आणि यासाठी फक्त एक कानात घालायची कापसाची काडी आणि थोडं स्पिरिट लागतं. स्पिरिट बॅगेत घेऊन लोकलमध्ये चढू नका, नियमात बसत नाही. अल्कोहोलवाला हँड सॅनिटायझर चालतो. दुकानदाराला आधी विचारा, ‘चाचा, पीछे थोडा लगा के देखूँ?’ नव्वद टक्के वेळा हो म्हणतात, कारण त्यांनाही उत्सुकता असते. मागच्या बाजूला, खालच्या कडेला, जिथे कुणाचं लक्ष जाणार नाही, तिथे काडी हलकेच घासायची. थर चिकट झाला आणि कापूस तपकिरी झाला, तर ते लाखेचं पॉलिश, ज्याला आपले मिस्त्री स्पिरिट पॉलिश किंवा फ्रेंच पॉलिश म्हणतात. काहीच झालं नाही, तर दुसऱ्या काडीवर थिनर. थिनरनं विरघळलं तर ते सेल्युलोज लॅकर. १९२० च्या दशकात ड्यू पाँट कंपनीनं मोटारींसाठी ‘ड्युको’ नावाचा झटपट वाळणारा रंग आणला, तो याच जातीचा. आपल्याकडचे सुतार आजही स्प्रेच्या कामाला ‘ड्युको मारलाय’ म्हणतात ते त्यामुळेच. लाखेचं पॉलिश हातानं चढवायला दिवसच्या दिवस जायचे. स्प्रेनं तेच काम तासांवर आलं आणि रेडिओचे कारखाने तिकडे वळले. आणि स्पिरिटनंही नाही, थिनरनंही नाही, तर मग पॉलिएस्टर. १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धातले जर्मन सेट पियानोसारखे काचेरी चमकतात ना, ते हे. ते ओरिजिनल असतं, हे लक्षात ठेवा. म्हणजे चमक दिसली की खोटं, असंही नाही!

काडी घासायला परवानगी मिळाली नाही तर नुसत्या डोळ्यांनीही बरंच कळतं. लाखेवर गरम कप ठेवला की पांढरा गोल उमटतो. सेल्युलोजला वयानुसार बारीक तडे जातात, आटलेल्या तळ्याच्या चिखलासारखे, आणि ते पिवळट पडतं. पॉलिएस्टर फुटतं ते काचेसारखं, धारदार टवके उडतात. आणि मेलामाइन? ते नव्या कपाटासारखं दिसतं. कारण ते नव्या कपाटाचंच असतं.

मुंबईच्या हवेनं या खोक्यांचे जे हाल केले त्याला तोड नाही. जुनं विनिअर सरसानं चिकटवलेलं असायचं, जनावरांच्या हाडाकातड्यापासून केलेल्या गोंदानं. तो ओलाव्यानं मऊ पडतो. चार पावसाळे दमट भिंतीजवळ काढले की कडा उचलल्या जातात. फिलिप्सचं फिलाइट, म्हणजे त्यांचं स्वतःचं बेकेलाइट, अशा हवेत टिकायचं ते उगाच नाही. त्यात टाचणीच्या डोक्याएवढी भोकं दिसली तर खाली पांढरा कागद धरून खोकं हळूच ठोकायचं. ताजा पिवळा भुसा पडला तर कीड जिवंत आहे. असला सेट कितीही सुंदर असो, घरी नेऊ नका, तुमच्या सोफ्याला महागात पडेल.

जी गेली तीच परत आली

स्पिरिट लावल्यावर चिकट होणाऱ्या त्या थराविषयी थोडं थांबून सांगायलाच हवं. लाख म्हणजे एका इवल्याशा किड्याचा स्राव. पळस, कुसुम, बोर असल्या झाडांच्या फांद्यांवर तो थर चढवतो. ते खरवडायचं, धुवायचं, वितळवून पातळ पत्रे काढायचे, फोडले की चपडा तयार. हा माल जगाला पुरवणारा मुख्य देश म्हणजे आपला, आणि आपल्यातही छोटा नागपूरचा जंगलपट्टा. १९२४ साली रांचीजवळ नामकुमला फक्त लाखेवर संशोधन करणारी संस्था निघाली, इतका हा धंदा मोठा. इथून जहाजं भरून लाख युरोपात जायची. तिकडे तिचं फर्निचरचं पॉलिश व्हायचं, ७८ आरपीएमच्या तबकड्या व्हायच्या, विजेच्या सामानावर ओल लागू नये म्हणून तिचा लेप द्यायचे. मग तबकड्या आणि वाजवायची यंत्रं बोटीनं परत आपल्याकडे.

पण बोटीतून आलेल्या रेडिओवर लाख दिसली, तर ती बहुतेक वेळा तिकडची नसते. इंग्लंडच्या कारखान्यात सेल्युलोजचा स्प्रे झालेला असतो. त्यावर लाख चढली ती इथे, मुंबईत, पुण्यात, नाशकात, घरी आलेल्या पॉलिशवाल्याच्या हातानं. कापसाचा बोळा सुती कापडात गुंडाळून, गोल गोल फिरवत. सेट तिकडचा आणि अंगरखा इकडचा. हे कळल्यापासून मला असा ‘बिघडवलेला’ सेट परदेशी संग्राहकाच्या काचेतल्या सेटपेक्षा जास्त आवडायला लागलाय. त्यांच्या दृष्टीनं हा थर काढून टाकायचा असतो. मला वाटतं, त्यांच्या दृष्टीनं काढा, आपल्या दृष्टीनं ठेवा.

हे मी एवढ्या ठामपणे म्हणते त्याला गिरगावात एक कारण आहे. पण तिथे जायच्या आधी वाटेत लॅमिंग्टन रोड लागतो.

मटण स्ट्रीटवरून परत ग्रँट रोडच्या बाजूला आलात की लॅमिंग्टन रोड. पाटीवर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग असतं, तोंडी लॅमिंग्टनच. लॅपटॉपचे चार्जर आणि सीसीटीव्हीच्या दुकानांच्या गर्दीत, जिन्याखाली, व्हॉल्व्हचे रेडिओ समजणारे मोजके म्हातारे मेकॅनिक अजून सापडतात. माझ्या ओळखीच्या काकांचा पहिला नियम असा की बाजारातून आणलेला सेट कधीही थेट प्लगात घालायचा नाही. आतले मेणाचे आणि कागदाचे कंडेन्सर मेलेले असतात, वीज दिली की ट्रान्सफॉर्मर जळतो, आणि तो जळला की संपलं. ते आधी शंभर वॉटचा साधा बल्ब सिरीजमध्ये लावतात. बल्ब भकभकून पेटला म्हणजे आत शॉर्ट आहे. दुसरा नियम त्या ‘यू’ अक्षराचा. एसी-डीसी सेटला बहुधा मेन ट्रान्सफॉर्मर नसतो, आतली लोखंडी चासी सरळ विजेच्या तारेला जोडलेली असू शकते. मागचा पुठ्ठा काढून आत बोट घालाल तर काय होईल ते त्यांनी मला त्यांच्या शब्दांत सांगितलं. ते छापता येण्यासारखं नाही.

ऑपेरा हाऊसपर्यंत चालत जा, ओलांडा, आणि गिरगाव.

आजीचा मर्फी

माझी आजी, आईची आई, गिरगावातल्या एका चाळीत दुसऱ्या मजल्यावर राहते. वय चौऱ्याऐंशी. चाळ पुनर्विकासात गेलीये. मंडळी येत्या काही महिन्यांत भाड्याच्या फ्लॅटमध्ये जाणार आणि टॉवर झाला की परत येणार. म्हणजे पासष्ट वर्षांच्या संसाराची छाटणी. पाटा-वरवंटा गेला, पितळी बंब गेला, लाकडी पलंग कुणीतरी नेला. उरला मर्फी. इंग्लंडमध्ये बनलेला, १९४९ साली आजीच्या सासऱ्यांनी घेतलेला. माझे मामा तसे प्रेमळ, पण त्यांच्या डोक्यात नव्या फ्लॅटचा हॉल पक्का बसलेला. त्यांनी एका शोरूमला फोटो पाठवले. उत्तर आलं: संपूर्ण घासून ग्लॉसी फिनिश, आतलं सामान काढून ब्लूटूथ स्पीकर, आठ दिवसांत डिलिव्हरी. मामा भलतेच खूश. ‘अगं, आजोबांची आठवण पण राहील आणि वापरात पण येईल. नाहीतर देऊन टाकू. कोण सांभाळणार?’

प्रश्न खोटा नव्हता. ज्या पट्ट्यांवर हा सेट चालायचा त्या ओस पडत चालल्यात. बीबीसीची हिंदी शॉर्ट वेव्ह सेवा जानेवारी २०२० अखेर बंद झाली. आकाशवाणीचे मीडियम वेव्हचे कितीतरी ट्रान्समीटर गेल्या काही वर्षांत थांबले. एफएम तर या सेटवर लागतच नाही. तीन माणसांच्या दोन खोल्यांत मुक्या खोक्याला जागा का द्यायची?

मी काडी आणि स्पिरिट घेऊन गेले. आजीनं विचारलं, ‘काय गं, रेडिओला कान कोरतेस का?’ मागच्या कडेला घासलं, कापूस लालसर तपकिरी झाला. लाख. खाली पिवळसर, पारदर्शक थर आला, त्याला स्पिरिटनं ढिम्म झालं नाही. म्हणजे कारखान्यातलं सेल्युलोज शाबूत आहे, आणि त्यावर कुणीतरी नंतर हातानं पॉलिश चढवलंय. मी हे सांगितल्याबरोबर आजी म्हणाली, ‘कुणीतरी काय? चौसष्ट साली वन्संच्या लग्नाला कपाटाला पॉलिश करायला माणूस बोलावला होता. पाहुणे यायचे म्हणून मामंजी म्हणाले, रेडिओवरून पण एक हात फिरव. वन्सं रडल्या होत्या.’

‘रडल्या? का?’

‘दोन दिवस वाळेपर्यंत रेडिओ लावायचा नाही म्हणाला तो. त्यात बुधवार गेला ना!’

साठ वर्षं ही गोष्ट घरात कुणी सांगितली नव्हती. मामांनासुद्धा ठाऊक नव्हती.

मग आजीनं वरचं सगळं उतरवलं. पितळी गजराचं घड्याळ, गणपतीची तसबीर, आणि त्याखालचा भरतकामाचा जाड रुमाल. खाली लाकडावर रुमालाच्या आकाराचा गडद चौकोन. बहुतेक लाकडं उन्हानं काळवंडतात, पण अक्रोड उलटा, तो उजेडानं फिका होत जातो. चौकोन म्हणजे मूळ रंग, बाकीचं सगळं पूर्वेच्या खिडकीतल्या उन्हानं फिकट केलेलं. डाव्या बाजूला तर फारच, कारण खिडकी डावीकडे. उजव्या कोपऱ्यात पांढरा गोल. ‘तुझ्या आजोबांचा कप,’ आजी म्हणाली. ‘हजार वेळा सांगितलं होतं.’

मामांनी पहिल्यांदा खाली वाकून नीट पाहिलं. पण माणूस व्यवहारी. ‘ते सगळं ठीक आहे. गाणी कशी वाजणार?’

याचं उत्तर मात्र इंग्लंडमधल्या इंजिनियरनं आधीच देऊन ठेवलं होतं. मागे दोन छोटी भोकं होती, ग्रामोफोन जोडण्यासाठी. त्या काळच्या पुष्कळ सेटना ही सोय असते. रेडिओचा अँप्लिफायर आणि स्पीकर वापरून तबकडी वाजवता यायची. तिथे आज फोन जोडता येतो, एकही स्क्रू न तोडता. अट एकच: सेट ट्रान्सफॉर्मरवाला, एसीचा हवा, आणि जोडणी जाणकारानंच करायची. ‘यू’ जातीच्या सेटला फोन लावायचा विचारही मनात आणू नका. आजीचा एसीवरचा निघाला. लॅमिंग्टन रोडच्या काकांनी घरी येऊन बघितलं, बल्ब लावला, बल्ब मंद राहिला. कंडेन्सर बदलायचे, स्पीकरची कड चिकटवायची, एक व्हॉल्व्ह शोधायचा. काकांनी खर्च सांगितला तो शोरूमच्या निम्म्याहून कमी होता. मामांना अर्थातच हा भाग सगळ्यात जास्त पटला.

पॉलिशचं आजीनं ठरवलं. काकांच्या ओळखीचा पॉलिशवाला आला, त्यानंही आधी सवयीनं सगळं घासू म्हणून सांगितलं. आजी म्हणाली, ‘चौसष्टचं राहू दे. कप तेवढा काढता येतो का बघ.’ लाखेच्या पॉलिशची हीच तर खुबी आहे, नवा थर जुन्यात विरघळून एक होतो, घासावं लागत नाही. त्यानं फक्त तेवढ्या जागी स्पिरिट आणि लाख घेऊन बोळा फिरवला. गोल पुसट झाला, पूर्ण गेला नाही. डाव्या बाजूचं सुटलेलं विनिअर सरसानं बसवलं, रात्रभर वर आजीची दोन जाड पंचांगं ठेवून. बाकी ओल्या फडक्यानं हलकेच पुसलं, कोरडं केलं, थोडं मेण. फडक्यावर उदबत्ती, तेल आणि साठ वर्षांची धूळ एवढी आली की पाणी तीनदा बदललं.

चौकोन तसाच आहे. नव्या फ्लॅटमध्ये खिडकी उजवीकडे आहे, तेव्हा आता उजवी बाजू फिकी होणार.

तुम्ही जाणार असाल तर एवढं बघा. शुक्रवारी मटण स्ट्रीटवरची बरीच दुकानं बंद असतात आणि रस्त्यावर जुन्या सामानाचा बाजार पसरतो. सकाळी लवकर गेलात तर न घासलेला, धुळीत माखलेला सेट मिळण्याची शक्यता त्याच दिवशी जास्त. त्यासाठी ऑफिसला दांडी मारायची की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा. शनिवारी दुकानं उघडी, निवांत बघता येतं. पुणेकरांना रविवार-बुधवारचा जुना बाजार आहेच. भाव करताना ‘पॉलिश मत करो, जैसा है वैसा दो’ म्हणा. दुकानदार आधी चमकेल, मग मेहनत वाचली म्हणून किंमत उतरवेल. मला एकानं अठरा हजार सांगितलेला सेट या एका वाक्यावर अकराला आणला होता. घेतला नाही, कारण कागद धरून ठोकल्यावर भुसा पडला. त्याच्या शेजारी मात्र एक छोटा फिलिप्स होता, नंबराच्या शेवटी ए, वर कुठलाही रंग न चढवलेला. तो या शनिवारपर्यंत तिथे असेल तर माझा आहे. कृपा करून माझ्याआधी पोचू नका.